कामकाजातले वाक्य

"दोन वर्षं, अकरा महिने, सतरा दिवस!" सातवी 'ब'ने एका सुरात सांगितले. उत्तर सगळ्यांना पाठ होते. चाचणीत ते एका गुणाला येते, हेही पाठ होते.

"बरोबर," यास्मिन मुलाणी म्हणाली. "आता मला सांगा, संविधान तयार करायला बसलेली ती माणसं इतके दिवस करत काय होती?"

हा प्रश्न कुठल्याच मार्गदर्शकात नव्हता.

"लिहीत असतील मॅडम," प्रज्वल म्हणाला. "एवढं जाडजूड पुस्तक हातानं लिहायचं म्हणजे वेळ लागणारच."

"मग तीन शिफ्टमध्ये लिहायचं ना," मागच्या बाकावरून कोणीतरी बोलले. "थर्ड शिफ्टवाले झोपले असतील भावा, म्हणून लांबलं."

वर्ग खदखदून हसला. यास्मिनलाही हसू आवरले नाही. हशा ओसरल्यावर ती म्हणाली, "भांडत होती."

कुरुळीच्या या शाळेतल्या निम्म्याहून अधिक मुलांचे आईवडील चाकणच्या पट्ट्यात कुठल्या ना कुठल्या कंपनीत पाळीने राबत. एका खोलीत दोन बिऱ्हाडे आणि टँकरपुढे हंड्यांची रांग, अशा घरांतून आलेल्या मुलांना भांडण म्हणजे काय ते शिकवावे लागत नव्हते. पण ज्यांची छायाचित्रे पुस्तकात चौकटीत बसवलेली असतात, तीही माणसे भांडली, ही गोष्ट त्यांना नवी होती.

"शिव्या देऊन?" दिपाली गव्हाणेने विचारले. ती तिसऱ्या बाकावर बसे, कमी बोले आणि बोलली की मुद्द्याचेच बोले.

"शिव्या न देता. ते जास्त अवघड असतं."

मग यास्मिनने खडू हाती घेतला. संविधानाचा मसुदा तयार झाल्यावर त्यात बदल सुचवणाऱ्या साडेसात हजारांहून अधिक दुरुस्त्या आल्या होत्या; त्यांतल्या अडीच हजारांच्या आसपास प्रत्यक्ष सभेत मांडल्या गेल्या. कोणीतरी उभे राहून म्हणायचे, हा शब्द काढा. दुसरे कोणीतरी उठून म्हणायचे, मुळीच काढू नका. एक उदाहरण तिने फळ्यावर लिहिले. मसुद्यात असे शब्द होते की प्रत्येक नागरिकाला मोफत प्राथमिक शिक्षणाचा अधिकार आहे. तेवीस नोव्हेंबर एकोणीसशे अठ्ठेचाळीसला त्यावर चर्चा झाली आणि 'अधिकार आहे' हे शब्द वगळले गेले. राज्याने त्यासाठी दहा वर्षांत प्रयत्न करावा, एवढेच उरले.

"म्हणजे शाळेत यायचा हक्क काढून टाकला?" प्रज्वलला हे फारच मोलाचे वाटलेले दिसले. "परत कधी दिला मग?"

"पन्नासएक वर्षांनी."

"अरारा! आपण उशिरा जन्मलो राव."

यास्मिनने त्याच दिवशी ठरवले की सव्वीस नोव्हेंबरला, संविधान दिनाच्या कार्यक्रमात, सातवी 'ब' ही एकच चर्चा नव्याने करील. चिठ्ठ्या टाकायच्या; ज्याला जी बाजू येईल ती त्याने मांडायची, मग ती स्वतःला पटो न पटो. सभेचा अध्यक्ष मुलांनी मत देऊन निवडायचा. दोघांनी लेखनिक होऊन बोललेले सगळे उतरवून घ्यायचे. आणि एकदा घंटा वाजून सभा सुरू झाली की सभेबाहेरच्या कोणीही मध्ये तोंड घालायचे नाही.

मुख्याध्यापक शेखर काळोखे यांना ही कल्पना ऐकूनच घाम फुटला.

"मुलाणी मॅडम, दरवर्षीचं काय वाईट आहे? एकाला कोट-चष्मा, एकाला टोपी, दोन मुलींना नऊवारी. प्रास्ताविका म्हणायची, फोटो काढायचे, गटशिक्षण कार्यालयात अहवाल पाठवायचा. पालकही खूश."

"सर, कोट घातला की मुलं पुतळ्यासारखी उभी राहतात. कोट नसला की बोलतात."

"तीच तर भीती आहे," सर म्हणाले. मग दार नीट लोटून त्यांनी आवाज खाली आणला. "तुमची तीन वर्षं या महिन्यात भरतायत. प्रस्ताव अण्णांच्या टेबलावर आहे. 'सेवा समाधानकारक' असा शेरा आणि खाली सही, एवढंच बाकी. शनिवारपर्यंत व्हायला पाहिजे. चार दिवस जरा शांततेत काढा ना."

ही गोष्ट यास्मिनला कोणी सांगायची गरज नव्हती. चिखलीहून मोशीमार्गे रोज स्कूटरवर, ट्रेलरांच्या चाकांशेजारून येता-जाता गेली तीन वर्षे तिच्या डोक्यात हीच एक गोष्ट होती. शिक्षणसेवक म्हणून लागलेल्या माणसाला तीन वर्षांनी कायम करतात. पण त्यासाठी संस्थेच्या अध्यक्षांची सही लागते. आणि ते अध्यक्ष होते हिंदुराव अण्णा. अण्णांची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, तेव्हा हाती आलेल्या पैशातून त्यांनी बस घेतल्या आणि कंपन्यांना कंत्राटी कामगार पुरवायला सुरुवात केली. गावाला शाळा मिळाली तीही त्यांच्यामुळेच, आणि हे ते कोणाला विसरू देत नसत.

"कार्यक्रम शांततेतच होईल सर," यास्मिन म्हणाली. "मुलं फक्त बोलतील."

बुधवारी, सव्वीस तारखेला, सभेची वेळ दहाची ठरली होती. शाळेच्या पत्र्याच्या सभागृहात बाके दोन बाजूंना समोरासमोर मांडली होती आणि मध्ये मखमली पाठीची उंच खुर्ची होती. ती शाळेतली एकमेव चांगली खुर्ची. मुलांनी निवडून दिलेली अध्यक्ष इरम, चिखलीतल्या एका गॅरेजवाल्याची मुलगी, तीत बसली तेव्हा तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. पालक मागे सतरंजीवर बसले होते. रात्रपाळी करून थेट आलेले काही जण भिंतीला टेकून पेंगत होते. अण्णांचा पत्ता नव्हता. दरवर्षी कार्यक्रम त्यांच्यासाठी खोळंबून राही. इरमने दहाच्या ठोक्याला घंटा वाजवली.

अण्णा आले ते पावणेअकराला. काळोखे सर लगबगीने पुढे झाले, पालक उठून उभे राहिले आणि अण्णा सवयीने मधल्या खुर्चीपाशी येऊन थांबले. इतकी वर्षे ती खुर्ची त्यांचीच होती. तिथे कोणी बसलेले असू शकते, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसावे.

"ऊठ गं पोरी," ते सहजपणे म्हणाले. आवाजात राग नव्हता. दारातली शेळी बाजूला करावी इतका साधा तो आवाज होता.

इरमने यास्मिनकडे पाहिले. काळोखे सरांनीही पाहिले. त्यांच्या डोळ्यांत शनिवारची तारीख लिहिलेली होती. यास्मिनने एक बोट किंचित जरी हलवले असते, तरी ती मुलगी उडी मारून खाली उतरली असती आणि सगळे सुखाने पार पडले असते. यास्मिनने हात पाठीमागे बांधले.

"सभा चालू आहे," इरम म्हणाली. आवाज बारीक होता, शब्द मात्र स्पष्ट होते. "पाहुण्यांनी कृपया बसून घ्यावं. पुढच्या बाकावर जागा आहे."

भिंतीजवळचे पेंगणारेही जागे झाले.

"व्हय का?" अण्णा म्हणाले. त्यांनी इकडेतिकडे पाहिले, चेहऱ्यावर कसेबसे हसू आणले आणि सातवीच्या बुटक्या बाकावर गुडघे वर करून बसले. "बसतो की. बसलो बघ."

प्रज्वलचे भाषण सुरू होते. त्याच्या वाट्याला 'अधिकार हा शब्द वगळावा' ही चिठ्ठी आली होती आणि तो तिला जागत होता.

"अध्यक्ष मॅडम, देश आत्ताच सुरू झालाय. नवी कंपनी सुरू झाली की पहिल्याच दिवशी सगळ्यांना पर्मनंट करतात का? नाही करत. केलं तर कंपनी बुडंल. आधी कंपनी उभी राहू द्या, मग पर्मनंट करू. तसंच आधी देश उभा राहू द्या, मग हक्क देऊ. हक्क लिहून ठेवला आणि शाळाच नसली, तर लोक म्हणतील, कागद चाटू का?"

पालकांत हशा झाला. अण्णांनी तर मांडीवर थाप मारली. "पोरगं बोलतंय झ्याक!"

इरमने घंटा वाजवली. "सभेबाहेरच्यांनी मध्ये बोलू नये."

मग तिने दिपालीचे नाव पुकारले. दिपालीच्या हातात कागद होता. तिने तो घडी करून मुठीत धरला.

"माझ्या मित्रांचं म्हणणं आहे की आधी कंपनी उभी राहू द्या, मग पर्मनंट करू," ती म्हणाली. "हे वाक्य माझे पप्पा अकरा वर्षं ऐकतायत. अकरा वर्षांत कंपनीची दोन नवी युनिटं उभी राहिली. पप्पा अजून कंत्राटातच उभे आहेत. म्हणून माझं म्हणणं असं आहे की जे द्यायचं ते आधी लिहून द्यावं. नंतर देऊ म्हणणारे नंतर भेटत नाहीत."

ती बसली. टाळ्या वाजल्या नाहीत. सतरंजीवरचे लोक एकमेकांकडे न पाहता थेट समोर बघत होते, आणि समोर, बुटक्या बाकावर, अण्णांची पाठ होती. दिपालीचे वडील दुसऱ्याच कंत्राटदाराकडे होते. पण त्या सभागृहातले निदान पंधरा जण अण्णांच्या बसमधून अण्णांच्या कंत्राटावर कामाला जात. दोन्ही लेखनिकांच्या पेन्सिली तेवढ्या खरखरत राहिल्या.

मत घेतले. वगळण्याच्या बाजूने एकवीस हात, विरुद्ध अठरा. दिपाली हरली. प्रज्वल उड्या मारत तिच्यापाशी गेला आणि म्हणाला, "बोललीस भारी हां. मीच तुला मत देणार होतो, पण मग मला येडा म्हणाले असते."

गुरुवारी दुपारच्या सुट्टीत यास्मिनला कार्यालयात बोलावणे आले. अण्णा बसले होते, काळोखे सर उभे होते. टेबलावर मुलांनी लिहिलेले सभेचे कामकाज होते, सात पाने, दोन अक्षरांत.

"मुलाणीबाई, बसा. पोरं तयार केलीत, मानलं," अण्णा म्हणाले. "त्या बारक्या पोरीनं मला बाकड्यावर बसवलं, त्याचं काय न्हाई. घरी सांगितलं तर म्हातारी हसली. पण ह्ये बघा." त्यांनी चौथ्या पानावर बोट ठेवले. "वर लिवलंय, प्रमुख पाहुणे हिंदुराव. आणि खाली ह्ये अकरा वर्षांचं. ह्येच अहवालाला जोडून तालुक्याला जाणार. वाचणारा काय म्हनंल? माझ्या शाळंत, माझ्या समोर, माझ्याच धंद्याचं वाभाडं."

"तिनं तुमचं नाव घेतलं नाही अण्णा."

"नाव घ्यायची गरज हाय का? आमी काय दुधखुळे न्हाई. तेवढं वाक्य काढा. बाकी सात पानं जाऊ द्यात, कोण वाचतंय? तेवढं काढलं की मी हितंच सही करतो." त्यांनी शेजारच्या फाइलवर टिचकी मारली. वर यास्मिनचे नाव होते.

यास्मिन फाइलकडे पाहत राहिली. हिरवी दोरी, कोपऱ्यात चहाचा डाग. किती हलकी फाइल.

"कामकाजातलं वाक्य मला काढता येत नाही," ती सावकाश म्हणाली. "ते सभेचं आहे. काढायचं तर सभेलाच विचारावं लागेल."

"सभा म्हंजे? ती पोरं?"

"हो."

अण्णा मोठ्याने हसले. "सर, ऐकलंत? विचारा, विचारा. शनिवार हाय अजून."

त्या संध्याकाळी तिने आधी दिपालीच्या आईला फोन केला. रुक्मिणीबाई एका कंपनीच्या उपाहारगृहात पोळ्या लाटायच्या कामावर होत्या. मागे भांड्यांचा खणखणाट चालला होता. यास्मिनने घडले ते सगळे सांगितले, आणि हे वाक्य लेखी राहिले तर घरावर काही बालंट येईल का, हेही विचारले.

"खोटं बोलली का माय माझी लेक?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ द्या की. तिचा बाप तर कालपासून जो भेटंल त्याला सांगायलाय. अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणी मोजले म्हणतो." रुक्मिणीबाई भांड्यांपासून जरा बाजूला आल्या. "पण बाई, तुमचं काय?"

तुमचे काय, हाच प्रश्न घरीही वाट पाहत होता. यास्मिनच्या नवऱ्याचे, जहीरचे, चिखलीत दुचाकीच्या सुट्या भागांचे दुकान होते. त्याने सगळे ऐकून घेतले आणि हातातला पाना खाली ठेवला.

"एक वाक्य आहे यास्मिन. घर विकायला नाही सांगितलं तुला. काढून टाक. सोमवारी कायम झालीस की मग काय भांडायचं ते भांड. तेव्हा मीच येतो सोबत, घोषणा द्यायला."

"म्हणजे आधी कायम होऊ द्या, मग बोलू?"

"हां, मग काय!"

"जहीर, प्रज्वल हेच म्हणाला होता. तो बारा वर्षांचा आहे आणि त्याला चिठ्ठी आली होती. तुम्हाला कोणती चिठ्ठी आली?"

जहीर हसला, पण त्या हसण्यात काळजी स्पष्ट होती. "तुझ्याशी वाद घालणं म्हणजे गंजलेला नट उघडणं. माझं म्हणणं तेवढं ध्यानात ठेव. सही नाही झाली, तर तीन वर्षं मातीत."

रात्री जेवताना तिच्या पानात त्याने न मागता भाकरी वाढली. त्याचे म्हणणे चूक होते असे यास्मिनला वाटत नव्हते, आणि तीच खरी अडचण होती. त्याचे सगळे बरोबर असूनही तिला ते ऐकायचे नव्हते.

शुक्रवारी तिसऱ्या तासाला ती वर्गात शिरली, तेव्हा इरम आधीच फळ्यापाशी खुर्ची ओढून बसली होती. गावात गोष्ट लपत नाही. मुलांना सगळे कळले होते.

दिपाली उभी राहिली. डोळे सुजलेले होते. "अध्यक्ष मॅडम, मला सूचना मांडायची आहे. चौथ्या पानावरचं माझं वाक्य वगळावं."

"का?" इरमने विचारले.

"माझ्यामुळे मुलाणी मॅडमची नोकरी जाईल."

वर्गात कुजबूज उठली. यास्मिन मागच्या बाकावर बसली होती. तिने हात वर केला, आणि इरमने परवानगी देईपर्यंत ती उठली नाही.

"माझ्या नोकरीचा विषय या सभेपुढे नाही," ती म्हणाली. "तो माझा आणि संस्थेचा विषय आहे, आणि तो मी बघून घेईन. माझ्याकडे बघून ज्याला मत द्यायचं असेल, त्यानं मत देऊ नये. वाक्य खोटं असेल, किंवा दिपाली ते बोललीच नसेल, तर काढा. दुसरं कारण मला तरी माहीत नाही."

"मला बोलायचंय," प्रज्वल म्हणाला. "माझा विरोध आहे."

"तुझा कशाला?" दिपाली उसळली. "तुझ्याच विरुद्ध बोलले ना मी!"

"म्हणून तर! तू मला काय बोललीस तेच काढलं, तर मी जिंकलो कोणाशी? वाचणाऱ्याला वाटंल, हा प्रज्वल एकटाच हवेत तलवार फिरवत होता. माझी इज्जत आहे का नाही?"

वर्ग हसला. पण प्रज्वल हसत नव्हता. नाकावर बोट घासत तो पुढे बोलला. "आणि अध्यक्ष मॅडम, दुसरी गोष्ट. त्या खऱ्या सभेनं 'अधिकार आहे' हे शब्द वगळले. मग मॅडमना कसं कळलं की ते आधी होते? कारण वगळताना जी भांडणं झाली, ती कोणीतरी लिहून ठेवली. हरलेल्यांचीसुद्धा. ती लिहिली नसती, तर आपल्याला वाटलं असतं की कोणी मागितलंच नव्हतं."

यास्मिनने मान खाली घातली. हे तिने शिकवले नव्हते. शिकवायचे तिच्या मनात होते, पण तो तास अजून व्हायचा होता.

इरमने मत घेतले. वाक्य वगळण्याच्या बाजूने पाच हात वर झाले, त्यांत दिपालीचा एक. विरुद्ध एकतीस. तीन मुलांनी मत दिले नाही, कारण त्यांना मॅडमकडे बघितल्यावाचून राहवत नव्हते आणि तसे मत द्यायचे नाही हे त्यांनी मनावर घेतले होते. लेखनिकांनी आठवे पान लिहिले: वाक्य वगळण्याची सूचना मांडली गेली, चर्चा झाली, सूचना फेटाळली.

शनिवारी साडेअकराला अण्णा कार्यालयात आले. यास्मिनने आठही पाने त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी शेवटचे पान वाचले, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"पोरांच्या मागं लपताय बाई?"

"नाही अण्णा. पोरांनी काढायचं म्हटलं असतं, तरी मी माझं मत लिहून जोडलं असतं, की हे चुकीचं झालं."

"मग ऱ्हायली सही."

"ठीक आहे," यास्मिन म्हणाली. "मग तसा शेरा लिहा. सेवा समाधानकारक नाही. शेजारी कारणाचा रकाना आहे, तोही भरा."

"कारण?"

"कारण द्यावं लागतं. निकाल, हजेरी, वर्गतपासणी, तिन्ही फाइलला जोडलेलं आहे. त्यांतलं जे खराब वाटतं ते लिहा. नाहीतर खरं आहे ते लिहा, की सातवीतल्या एका मुलीचं वाक्य काढायला नकार दिला. मी खाली सही करते, मान्य म्हणून."

काळोखे सरांनी टेबलाची कड धरली. अण्णांनी पेन उघडले. फाइल पुढे ओढली. रकाना दोन बोटे रुंदीचा होता. पेनाचे टोक त्यावर बराच वेळ तसेच राहिले. माणसे कामावर घेताना आणि कमी करताना आजवर त्यांना कोणी कारण लिहायला सांगितले नव्हते. ते सगळे तोंडी चाले.

"सोमवारी बघू," त्यांनी पेन बंद केले.

"मुदत आज संपते."

"म्हनलं ना, सोमवारी!" अण्णा उठले. खुर्ची मागे सरकून भिंतीला आपटली. दारात ते थांबले, काहीतरी बोलणार असे वाटले, पण चपलांचा आवाज करत निघून गेले. फाइल टेबलावर उघडीच राहिली, ना शेरा ना सही.

काळोखे सर खाली बसले. "काय केलंत हे मॅडम? गोड बोलून..."

"सर, एक कोरा कागद द्या."

त्यांनी दिला. यास्मिनने उभ्याउभ्याच लिहिले. आज साडेअकरा वाजता संस्थेचे अध्यक्ष कार्यालयात हजर होते. प्रस्ताव त्यांच्यापुढे होता. त्यांनी सेवा समाधानकारक आहे असे लिहिले नाही आणि नाही असेही लिहिले नाही. कारण विचारले असता सांगितले नाही. मुदत आज संपत आहे. यावरील निर्णय शिक्षणाधिकाऱ्यांनी करावा. खाली तिने सही केली आणि कागद सरांपुढे धरला.

"तुम्ही हजर होतात. तेवढंच लिहा. माझ्या बाजूनं काही लिहू नका."

काळोखे सरांनी कागद दोनदा वाचला. त्यांना निवृत्तीला चार वर्षे राहिली होती आणि आयुष्यात त्यांनी अण्णांच्या मर्जीबाहेर एक सुट्टीसुद्धा मंजूर केली नव्हती. खिडकीबाहेर अण्णांची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. ती फाटकाबाहेर पडेपर्यंत ते थांबले. मग त्यांनी बारीक अक्षरांत लिहिले, 'वरील वेळी मी उपस्थित होतो,' आणि सही केली. वेळही घातली.

शेजारच्या खोलीत लिपिक खंडूभाऊ डबा सोडत होते. यास्मिनने सभेची आठ पाने आणि तो कागद त्यांच्या टेबलावर ठेवला.

"आवकला चढवा खंडूभाऊ."

खंडूभाऊंनी कागद वाचला आणि डब्याचे झाकण परत लावले. "मॅडम, एकदा नंबर पडला की मला काढता यायचं न्हाई. नंतर म्हणाल, चुकून झालं."

"नाही म्हणणार."

"घरी इचारलंय का?"

"विचारलंय. ते नको म्हणाले होते."

खंडूभाऊंनी तिच्याकडे वर पाहिले, काही पुटपुटले आणि नोंदवही ओढली. दोन ओळींत दोन क्रमांक पडले. मग त्यांनी शिक्का शाईच्या पॅडवर दाबून प्रत्येक पानावर उठवला, आठही पानांवर आणि नवव्या कागदावर, एकही न वगळता. नऊ वेळा टेबल हादरले.

यास्मिनने पर्समधून आठ पानांच्या झेरॉक्स प्रती काढल्या, नवव्या कागदाची तिथेच हाताने नक्कल केली आणि सगळे पुढे सरकवले.

"आणि याच्यावर पोच द्या," ती म्हणाली. "तारखेसकट."